दोर आडातच होता

पुणे, गुरुवार रात्र

प्रिय बंड्या,

तुझं खरं होतं. दोर आडातच होता. आणि माझंही खरं होतं.

आठ महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही, तुझ्या दोन फोनांना उत्तर दिलं नाही, याची फार लाज वाटते. पण हे तुला सांगितल्याशिवाय आज झोप लागायची नाही. आईचं बीपी गोळीवर ठीक आहे, माझी पाठ आहे तशीच.

थोरल्या वाड्यातल्या, आडात गेलेल्या वहिनीवर गाणं लिहितोय, असं दिवाळीत म्हणालो होतो. आधी ते पोवाड्याच्या अंगानं लिहिलं. डफ शेकायला तुलाच बोलावणार होतो, पण गॅदरिंगचा डफ तू शेकता शेकता कसा जाळलास ते आठवलं आणि रात्री एकटाच हसत बसलो. पोवाडा जमला नाही. शाहीर पुढं येऊन ठणकावून सांगतो, त्याला सगळं ठाऊक असतं. आपल्याला काय ठाऊक होतं? मग ओवी धरली. जात्यावर बाई स्वतःचं दुःख स्वतःच गाते. मेलेल्या बाईच्या तोंडी मी ओवी घालायची, हे माझ्याच्यानं होईना.

मग पुन्हा त्या टेपकडे गेलो. हॉस्टेलवर दिवे घालवून ऐकायचो ती. ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकी गायकानं जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या घरी, झोपायच्या खोलीत, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर ती गाणी भरली. बँडला ऐकवायला म्हणून. बँडबरोबर वाजवून पाहिली तर त्यातली धग गेली, म्हणून शेवटी घरची कॅसेटच बाहेर काढली. 'नेब्रास्का' हे गाणं १९५८ मध्ये माणसं मारत सुटलेल्या चार्ल्स स्टार्कवेदरच्या तोंडी आहे. तोच 'मी' म्हणून बोलतो. आवाज चढत नाही, माफी मागत नाही. तू तेव्हा म्हणाला होतास, त्या ऑस्ट्रेलियन गायकाच्या, निक केव्हच्या 'मर्डर बॅलड्स' या खुनाच्या गाण्यांच्या अल्बममध्ये खून मिरवत येतो, इथं तो गुपचूप शेजारी येऊन बसतो. मी केव्हच्या बाजूनं तावातावानं भांडलो होतो. आज तुझं म्हणणं पटतं.

तर मीही 'मी' धरला. तो 'मी' कोण, ते तुला सांगायला नको.

पोहरा तसाच कोरडा होता, दोर खुंटीला होता,
मी म्हणालो पाय घसरला, गाव हो म्हणाला.

या दोन ओळी आल्या त्या रात्री मी गच्चीवर जाऊन उभा राहिलो. इतकं बरोबर मी कधीच काही लिहिलं नव्हतं. खिडक्यांना गोधड्या लावल्या, पंखा बंद केला, एकच माईक, आणि ठरवून चारच ट्रॅक. तुणतुणं देवीच्या गोंधळातलं वाटत होतं, म्हणून तार पार सैल केली, तेव्हा ती रहाटासारखी कुरकुरली. अंगावर काटा आला.

पाचव्या टेकला आई दारात येऊन उभी राहिली. गाणं संपू दिलं. मग म्हणाली, "दोर खुंटीला होता हे तुला कुणी सांगितलं?"

म्हटलं, मी पाहिला.

ती खाली बसली. म्हणाली, "मीच काढला तो. पोहरा लावून आडात सोडला."

बंड्या, मी आधी पोचलो होतो. तू चप्पल शोधत मागं राहिलास (ती चप्पल अजून सापडायची आहे). त्या दहा-पंधरा मिनिटांत आईनं दोर सोडला. मी पाहिला तो खुंटीवर, तू पाहिलास तो आडात. आणि यावरून सेकंड इयरला आपण अख्खा पावसाळा बोललो नाही! तू मला खोटारडा म्हणालास, मी तुला भित्रा म्हणालो. तो शब्द आज मागं घेतो.

का सोडला, असं विचारलं. म्हणाली, "पोर दोन वर्षांची होती. आईनं जीव दिला म्हणून गावानं तिला जन्मभर ऐकवलं असतं." म्हटलं, आणि त्यानंच ढकललं असेल तर? आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "ते मला माहीत नाही. तुला माहीत आहे?"

मला माहीत नाही, बंड्या. कोरड्या पोहऱ्यावरून एवढंच कळतं की ती पाणी काढायला गेली नव्हती. बाकीचं मी रचलं. स्टार्कवेदरवर खटला चालला होता, १९५९ मध्ये त्याला विजेच्या खुर्चीत बसवलं, आणि मग कितीतरी वर्षांनी त्याचं गाणं झालं. इथं साधी चौकशीसुद्धा झाली नाही. आणि मी पारावर बसणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या तोंडून कबुली वदवून घेतली. चालीवर. ती चाल चांगली आहे, हेच मला जास्त छळतंय. गाणं पडलं असतं तर सोडून दिलं असतं.

स्प्रिंगस्टीननं त्या गाण्यासाठी तो प्रकार जवळून पाहिलेल्या एका पत्रकार बाईंना फोन केला होता म्हणे. मी कुणाला करू? ती पोर आता शेजारच्या गावात शिक्षिका आहे. गाण्याआधी तिला सांगायला हवं असं मला वाटतं. आई म्हणते, सांगू नकोस. आणि आईचा हात त्यात आहे, म्हणून ते एकट्या माझं राहिलेलं नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? छोटीची दहावी ना यंदा? वहिनींना सांग, लोणचं संपलं.

गाणं सोबत पाठवतोय. पाचवा टेक आहे, शेवटी आईच्या बांगड्या वाजतात, त्या काढलेल्या नाहीत. कुणालाही ऐकवू नकोस. आणि त्या खुंटीच्या ओळीचं काय करू ते सांग. दहानंतर फोन कर, आई तोवर झोपते.

तुझा,
राजा