तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना, गच्चीवरून

काकू, नमस्कार.

समोर आभार मानले की तुम्ही "राहू दे ना बाप्पा" म्हणून विषय बदलता. म्हणून आज सगळ्यांदेखत लिहितेय.

जानेवारीत नागपुरात अवकाळी पाऊस झाला, चार दिवस ऊन नाही. पिटुनिया गारठेल म्हणून मी कुंड्यांवर प्लास्टिक ताणलं, वर रोज संध्याकाळी झारीने पाणी. आठवडाभरात फुलं लिबलिबीत, त्यांवर राखाडी लव. दुकानदाराने कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक दिलं. दोनदा फवारलं, फरक शून्य. कुंड्या फेकायलाच निघाले होते, तेवढ्यात तुम्ही जिन्यात भेटलात.

तुम्ही औषधाची बाटली बघितलीही नाही. जिरॅनियमच्या पानाला चिकटलेली एक वाळकी पाकळी नखाने अलगद उचललीत. खाली तपकिरी डाग, अगदी त्या पाकळीच्याच आकाराचा! "इथून शिरली बुरशी," म्हणालात. मग कुजक्या फुलाला टिचकी मारली, तर उन्हात राखेसारखा धूर उडाला. ते सगळे बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिचं बी. मी श्वासच रोखून धरला, तुम्ही हसलात.

भिंगातून बघितलं तर बारीक काड्यांवर द्राक्षांचे घोसच लगडलेले. या बुरशीचं नाव बोट्रायटिस सिनेरिया, म्हणजे द्राक्षघोसासारखी, राखेच्या रंगाची. 1794 साली पेरसून या बुरशीतज्ज्ञाने नाव ठेवलं ते उगाच नाही. धडधाकट पानाच्या वाटेला ती एकदम जात नाही. सुकत आलेल्या पाकळीवर आधी पोट भरते, मग त्या जोरावर शेजारच्या जिवंत पेशी मारून खाते. तिला हवी 15 ते 20 अंशांची गार हवा आणि पानांवर तासन् तास टिकणारी ओल. प्लास्टिक ताणून मी तिची सोयच केली होती. कार्बेन्डाझिमला तर ती जगभर कधीच सरावली आहे, हे दुकानात कुणी सांगत नाही.

हीच बुरशी हंगेरीतल्या टोकाय भागातल्या द्राक्षांवर धरली की महागडी गोड वाइन होते, हे ऐकून आमच्या ह्यांनी कान टवकारले, ते वेगळंच.

प्लास्टिक काढलं, कुंड्या लांब केल्या, पाणी सकाळी आणि मुळाशी. सुकलेली फुलं रोज चहाआधी खुडते आणि बांधून कचऱ्यात देते, कुंडीत पडू देत नाही. सात पिटुनियांपैकी पाच वाचल्या.

तुमचं भिंग अजून माझ्याकडेच आहे. रविवारी तर्री-पोहे घेऊन येते, तेव्हा आणते. खरं तर द्यायचं जिवावर आलंय.

तुमची,
पाचव्या मजल्यावरची