बुडाचा पत्रा कोण बघणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत जुन्या फेरीबोटींवरचा सचित्र लेख वाचला. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या ‘स्टील इलेक्ट्रिक’ बोटी ऐंशी वर्षे बेटांची सेवा करून सन्मानाने निवृत्त झाल्या, असे त्यात म्हटले आहे. निवृत्त झाल्या, हे खरे. सन्मानाने मात्र नव्हे. माझी मुलगी त्याच राज्यात सिएटलजवळ राहते आणि मी स्वतः मुंबईच्या गोदीत बोटींच्या डागडुजीत हयात घालवली आहे, म्हणून हे पत्र.

मुळात ऐंशीतली पहिली तेरा वर्षे त्या बेटांकडे नव्हत्याच. या सहा बोटी १९२७ साली कॅलिफोर्नियात बांधल्या, त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातून मोटारी पलीकडे नेण्यासाठी. पोलादी बूड आणि डिझेल इंजिनाने वीज तयार करून त्या विजेवर फिरणारी मोटर, म्हणून ते नाव. १९३६ आणि १९३७ मध्ये तिथले दोन मोठे पूल झाले आणि बोटींचे गिऱ्हाईक गेले. १९४० मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या प्युजेट साउंड या खाडीतल्या एका खाजगी कंपनीने त्या विकत घेतल्या. १९५१ मध्ये राज्य सरकारने त्या कंपनीचा बहुतेक कारभारच ताब्यात घेतला, तोही पूल होईपर्यंतची सोय म्हणून. साउंडवरचे ते पूल काही झाले नाहीत. पुलांनी हाकललेल्या बोटी पुलांची वाट बघत म्हाताऱ्या झाल्या म्हणा ना.

सहापैकी इलाही, क्लिकिटॅट, निस्क्वाली आणि क्विनॉल्ट या चार शेवटपर्यंत राहिल्या. त्या काढता येत नव्हत्या याचे एक कारण म्हणजे व्हिडबी बेटावरचे कीस्टोन बंदर. तोंड अरुंद, पाणी उथळ, बाहेर प्रवाहाची ओढ जबरदस्त. राज्याच्या ताफ्यातल्या मोठ्या बोटी तिथे शिरू शकत नव्हत्या. साठेक मोटारी घेणाऱ्या या बोटी शिरत. मग १९८०च्या दशकात त्यांची मोठी दुरुस्ती झाली, वरचे बरेच काही बदलले. बूड मात्र १९२७चेच राहिले. वरून कितीही रंग मारा, सुक्या गोदीत, म्हणजे पाण्याबाहेर काढून, बुडावर हातोडी मारली की आवाजच सांगतो. शिवाय बुडातल्या पाणबंद भिंती आजच्या नियमांत बसत नव्हत्या, म्हणजे एका कप्प्यात पाणी शिरले तर ते तिथेच अडेल याची खात्री नव्हती. बेटावर जाणाऱ्या माणसाला हे फोटोत दिसत नाही.

नव्या बोटी का बांधल्या नाहीत? पैसा. १९९९ मध्ये तिथल्या मतदारांनी मोटारींवरचा वार्षिक कर तीस डॉलरवर आणण्याचा ठराव मतदानाने मंजूर केला. पुढे न्यायालयाने तो रद्द ठरवला, पण तोपर्यंत लोकांचा कल पाहून विधिमंडळानेच कर कमी केला होता. फेरीचा मोठा आधार तोच कर होता. मोटारवाल्यांनीच मोटारीचा कर उतरवला आणि मोटार नेणारी बोट गंजत राहिली.

२००७ मध्ये क्विनॉल्ट गोदीत चढवली तेव्हा बुडाच्या पत्र्याला खड्डे पडलेले आढळले. २० नोव्हेंबर २००७ रोजी राज्याच्या वाहतूक सचिव पॉला हॅमंड यांनी चारही बोटी एकाच दिवशी बंद केल्या. थँक्सगिव्हिंग या तिथल्या मोठ्या सणाला दोन दिवस होते. आपल्याकडे गणपतीच्या आदल्या दिवशी कोकणातली फेरी बंद करावी, तसे. कीस्टोन ते पोर्ट टाउनसेंड हा अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास. तिथे काही महिने फक्त माणसांची बोट चालली, मोटारवाल्यांनी लांबचा वळसा घातला. पोर्ट टाउनसेंडच्या दुकानदारांनी काय म्हटले असेल, ते मी लिहीत नाही. निर्णय मला बरोबरच वाटतो. चुकला तो त्याआधीचा काळ.

२००८ मध्ये शेजारच्या पिअर्स काउंटीकडून ‘स्टायलाकूम टू’ ही लहान बोट भाड्याने आणली. नव्या बोटींचा आराखडा मुळापासून करायला वेळच नव्हता, तेव्हा मॅसॅच्युसेट्समधल्या ‘आयलंड होम’ या बोटीचा आराखडा घेऊन त्यावर काम केले. चेट्झेमोका २०१० मध्ये आली, पाठोपाठ सॅलिश आणि केनेविक. या वर्गाचे नाव ‘क्वा-डी टाबिल’, म्हणजे तिथल्या क्विल्यूट आदिवासींच्या भाषेत लहान बोट. कीस्टोनला लहानच लागते, हे त्यांना शेवटी मान्य करावे लागले. जुन्या चौघी २००९ मध्ये ओढत मेक्सिकोतल्या एन्सेनाडाला नेल्या आणि तोडल्या. निरोप समारंभाचा फोटो तुम्हाला का मिळाला नाही, ते यावरून कळेल.

मूळ सहांतली सांता रोझा मात्र सॅन फ्रान्सिस्कोत धक्क्याला बांधलेली आहे, कचेरी म्हणून वापरतात. प्रवास न करणारी म्हणून टिकली.

हे सगळे लिहिण्याचे निमित्त आपल्याच लेखातला शेवटचा परिच्छेद. गोव्यातल्या दिवाडी, चोडण आणि आपल्या दाभोळच्या फेऱ्यांचे फोटो फार सुंदर आहेत. मी गुहागरचा, दाभोळच्या जेटीवर रांगेत मोटार लावून धोपाव्याकडून येणाऱ्या बोटीकडे बघत बसण्यात मलाही मजा येते. पण पुढच्या वेळी प्रत्येक फोटोखाली बोटीचे बांधणीचे वर्ष आणि शेवटची सुकी गोदी कधी झाली, एवढे छापता आले तर पाहावे.

आपला,
एक निवृत्त गोदी कामगार, गुहागर