बर्फ किती जाड झालाय, हे कोण सांगणार?

प्रति,
मा. पर्यावरण, संवर्धन व उद्याने मंत्री,
ओंटारिओ प्रांत, कॅनडा

महोदय,

या पत्राची इंग्रजी प्रत टपालाने तुमच्या कार्यालयाकडे पाठवली आहे. मराठी प्रत इथे उघड्यावर ठेवतेय, कारण केंब्रिज-किचनरकडे नव्याने आलेली आमची मंडळी पहिल्याच हिवाळ्यात एक प्रश्न विचारतात: "तळ्यावर माणसं बसलेली दिसतात, आपण गेलं तर चालेल का?" या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर आमच्या गावात ज्यांच्याकडे असतं, त्यांच्याविषयी, आणि त्यांची संस्था इतरांत मिसळण्याच्या तुमच्या बेताविषयी, मला तुमच्याशी बोलायचं आहे.

मी भिगवणची. उजनीच्या फुगवट्याकाठी वाढले. चिलापी, कटला, भोयांच्या होड्या, बाजारातला लिलाव हे सगळं पाहिलेलं. त्यामुळे पाण्याची भीती कधी वाटली नव्हती. पण केंब्रिजच्या पूर्व कडेला शेड्स मिल्सचा जलाशय जानेवारीत पहिल्यांदा पाहिला, आणि त्यावर बादल्या उलट्या टाकून, बर्फातल्या भोकात गळ सोडून माणसं निवांत बसलेली दिसली, तेव्हा मी काठावरच्या पाइनच्या झाडाला हात लावून उभी राहिले. लेक पुढे गेली. ती इथे जन्मलेली, तिला त्यात काही विशेष वाटलं नाही.

मिल क्रीक नावाचा ओढा अडवून हे तळं केलेलं आहे, आणि आमच्या शहरातल्या गॉल्ट भागाचं मूळ नावही शेड्स मिल्सच होतं. ग्रँड नदीच्या संवर्धन प्राधिकरणाकडे, म्हणजे त्या नदीचं पाणलोट सांभाळणाऱ्या संस्थेकडे, त्याची व्यवस्था आहे. थंडी पडली की तिथले कर्मचारी हातात गिरमिट घेऊन बर्फावर जातात, जागोजागी भोकं पाडतात, पट्टी घालून जाडी मोजतात आणि मगच मासेमारी खुली झाल्याचं सांगतात. वाचायला सोपं वाटतं. सोपं नाही.

एक तर सगळा बर्फ सारखा नसतो. थंड, वारा नसलेल्या रात्री गोठलेला बर्फ काचेसारखा पारदर्शक असतो. खालचं पाणी दिसतं म्हणून तो काळा वाटतो. तो भक्कम. पायी चालणाऱ्या एका माणसाला असा काळा बर्फ निदान दहा सेंटिमीटर हवा, असं साधारण धरलं जातं. काही संस्था पंधरा सांगतात. मला पंधराचं ऐकायला आवडतं. बर्फावर पडलेलं हिम ओलं होऊन परत गोठलं की पांढरा बर्फ तयार होतो. त्यात हवा कोंडलेली असते आणि त्याची ताकद जवळपास निम्मी धरतात. म्हणजे गिरमिट वीस सेंटिमीटर खाली गेलं तरी त्यातला किती काळा आणि किती पांढरा, हे पाहावं लागतं.

दुसरं, सगळी जागा सारखी नसते. ओढा जिथे तळ्यात शिरतो तिथे पाणी हलतं राहतं आणि बर्फ पातळ राहतो. तळातून झरा असेल तिथेही तसंच. चार अंशांचं पाणी सगळ्यात जड, म्हणून ते खाली बसतं आणि वर बर्फाचं झाकण धरतं, म्हणूनच माशांना हिवाळा काढता येतो. पण खालून काही हललं की हा हिशेब बिघडतो. कुठल्या कोपऱ्यात काय हलतं, हे पुस्तकात नसतं. दरवर्षी त्याच तळ्यावर भोकं पाडणाऱ्याच्या हाताला ते कळतं.

तिसरी गोष्ट, तुम्ही एक प्रशासक म्हणून लक्ष द्यावं अशी. जलाशय म्हणजे तळं नव्हे. उजनी पावसाळ्यात भरते आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत रिकामी होत जाते. इथलं वेळापत्रक उलटं. मार्च-एप्रिलचं वितळणारं हिम सामावायला मोठी धरणं आधीच खाली करून ठेवतात. ग्रँड नदीवर १९४२ मध्ये बांधलेल्या शँड धरणामागच्या बेलवूड जलाशयाचं काम मुळातच ते: पूर थोपवायचा आणि उन्हाळ्यात नदी वाहती ठेवायची. विसर्ग सुरू झाला की पाणी खाली जातं. वरचा बर्फ काठाजवळ अडकतो, तडकतो, आणि कधी त्याच्याखाली पोकळी राहते. काल पाण्यावर टेकलेला बर्फ आज हवेवर टेकलेला असू शकतो. जाडी तीच. वरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. धरणाच्या दाराचं आणि बर्फावरच्या फलकाचं वेळापत्रक एकमेकांना माहीत असावं लागतं ते म्हणूनच, आणि आज ते माहीत असतं, कारण दोन्ही एकाच संस्थेच्या हातात आहेत.

तुम्हाला हे सगळं मी सांगावं असं नाही, पण ही संस्था आकाशातून पडलेली नाही. १९४६ चा संवर्धन प्राधिकरण कायदा एका साध्या समजुतीवर उभा आहे: नदीला गावांच्या हद्दी कळत नाहीत, म्हणून कारभार पाणलोटाप्रमाणे करावा. १९५४ च्या ऑक्टोबरात हेझल चक्रीवादळ आलं, ओंटारिओत ८१ माणसं गेली, एकट्या रेमोर ड्राइव्ह या रस्त्यावरची ३५. त्यानंतर या प्राधिकरणांचं मोल सगळ्यांना पटलं. आमच्या गॉल्टला १९७४ च्या मेमध्ये पाणी शिरलं, त्याच्या खुणा जुनी माणसं अजून बोट दाखवून सांगतात.

२०२५ च्या ऑक्टोबरअखेर तुमच्या सरकारने ही ३६ प्राधिकरणं एकत्र करण्याचा बेत जाहीर केला. पहिल्या प्रस्तावात आकडा सात होता. मी त्यावर मोर्चा काढणाऱ्यांतली नाही. नदीकाठी घर बांधायचा परवानाही हीच प्राधिकरणं देतात; त्याला एका ठिकाणी एक नियम आणि वीस किलोमीटरवर दुसरा, हे कुणालाच नको असतं. नकाशे एका जागी आले, पूर-अंदाजाची संगणक यंत्रणा एकसारखी झाली, तर चांगलंच आहे. माझं म्हणणं त्याहून लहान आहे. परवाना दूरवरच्या कचेरीतून देता येतो. बर्फाची जाडी तिथून मोजता येत नाही.

भीती अशी आहे की एकदा मोठी संस्था झाली की तिला एकसारखेपणा हवासा वाटतो. मग कुणीतरी ठरवेल, प्रदेशातली सगळी तळी एकाच तारखेला उघडायची. किंवा त्याहून सोपं: विमावाल्यांनी भुवया उंचावल्या की सगळीच बंद. बंद केलं की धोका संपला असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात माणसं फाटक नसलेल्या पाण्यावर जातात, जिथे गिरमिट घेऊन आधी कुणी गेलेलं नसतं. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ असेच एका खाणीच्या तळ्यावर गेले आणि कमरेपर्यंत आत गेले. बरोबरच्याने पालथं पडून दोरी फेकली म्हणून बाहेर आले. ते आता उन्हाळ्यातही मासेमारीला जात नाहीत.

आणि हिवाळेही आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. २०२३-२४ मध्ये पंचमहासरोवरांवर बर्फ इतका कमी धरला की नोंदींमधले नीचांक मोडले. आम्ही त्या वर्षी गळ धुऊन-पुसून ठेवले, ते तसेच राहिले. असा हिवाळा आला की निर्णय सोपा असतो: बर्फच नाही. अवघड असतो तो अर्धामुर्धा हिवाळा. आठवडाभर वजा बारा, मग दोन दिवस पाऊस, मग पुन्हा वजा आठ. वर पांढरा थर, मध्ये पाणी, खाली काळा थर. अशा वेळी तारखा ठरवून चालत नाही, रोज जाऊन पाहावं लागतं. म्हणजे नेमकं जेव्हा स्थानिक माणूस जास्त लागणार आहे, तेव्हाच आपण त्याला कमी करायच्या बेतात आहोत.

आणखी एक गोष्ट. फेब्रुवारीतल्या फॅमिली डेच्या शनिवार-रविवार-सोमवारी ओंटारिओच्या रहिवाशांना मासेमारीच्या परवान्याची माफी असते. एरवी अठरा ते चौसष्ट वयाच्या बहुतेकांना परवाना लागतो, त्या तीन दिवसांत नाही. योजना उत्तम आहे, माझ्या घरात गळ आला तो याच सुट्टीत. पण याचा अर्थ, ज्यांनी आयुष्यात गोठलेलं पाणी पायाखाली घेतलेलं नाही अशी कुटुंबं सरकार स्वतः बोलावून बर्फावर नेतं, तेही फेब्रुवारीच्या मध्यावर, जेव्हा ऊन चढू लागलेलं असतं. त्या तीन दिवसांत फाटकावर पंजाबी, मराठी, तमिळ, तगालोग, अरबी बोलणारी माणसं असतात. फलक मात्र इंग्रजीत. "वीस सेंटिमीटर" हे लिहायला अंक पुरतात, पण "झऱ्याच्या बाजूला जाऊ नका" याला चित्र लागतं. एवढं तरी करा. खर्च फारसा नाही.

मासे कुठले मिळतात, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते: बहुधा पिवळे पर्च, तळहाताएवढे. हळद-मीठ लावून रव्यात घोळवले की बांगड्याची सर येत नाही, पण जीव शांत होतो. संकष्टी असली तर ते परत पाण्यात सोडतो. लेकीला ते अन्यायाचं वाटतं. आमिषाच्या जिवंत माशांची पावती ती परवान्याच्या पाकिटात घडी घालून ठेवते, कारण २०२२ पासून आमिष एका विभागातून दुसऱ्यात नेता येत नाही. तेरा वर्षांची मुलगी तुमच्या सरकारचा नियम अशी पाळते, म्हणून तुम्हालाही एक नियम लिहून मागावासा वाटतो: प्रादेशिक संस्था कितीही मोठी होवो, एखाद्या जलाशयावरचा बर्फ खुला करायचा की बंद, हा शेवटचा शब्द त्याच जलाशयावर काम करणाऱ्या माणसाचा राहील, आणि धरणातून पाणी सोडायच्या आधी त्याला कळवलं जाईल. अंमलबजावणीच्या कागदांत या दोन ओळी कुठे आहेत, ते मला दाखवा. नसतील तर घाला.

सध्या शनिवारी सकाळी निघण्याआधी मी एका नंबरवर फोन करते. पलीकडचा माणूस नाव विचारत नाही. "आज ओढ्याकडे जाऊ नका, बाकी ठीक आहे," असं सांगतो. तो फोन फाटकाजवळच्या खोलीत वाजतो. एकत्रीकरण झाल्यावर तो कुठे वाजणार आहे, तेवढं कळवावं.

आपली,
शेड्स मिल्सला नेमाने येणारी एक परवानाधारक
केंब्रिज, ओंटारिओ