मखमलाबाद रोडच्या नर्सरीतल्या मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, ते मला माहीत आहे. सूनबाई वाचून दाखवतील. तरी सगळ्यांदेखत लिहितेय, कारण आमची बाग बघून जो तो शाबासकी मला देतो आणि मी ती निमूट घेते.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर मी तुमच्याकडे पिटुनियाच्या वीस पिशव्या उचलल्या होत्या. "उन्हाळ्यात काय बघणार?" असं विचारून तुम्ही पंधरा परत ठेवायला लावल्यात. त्याऐवजी जास्वंद, अडुळसा, तगर, मधुमालती दिलीत, वर सोनटक्क्याचे चार कंद. आमच्या काळ्या मातीत पाणी साचून गुलाब दोनदा कुजले म्हटल्यावर वाफा वीतभर उंच करायला सांगितलंत. सोनटक्का मात्र नळापाशी, ओलीत.

पुढच्या फेब्रुवारीत तुम्ही घरी आलात आणि माझी जास्वंद गुडघ्याएवढी कापलीत. मला अक्षरशः रडू आलं होतं. तुम्ही हसलात. द्राक्षबागेत कात्री चालवलेला हात तुमचा! "एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. वेल दोनदा उघडी पडते, तरी घड धरतेच ना? जास्वंदीला फूल नव्या फुटीवर येतं." आलं, मावशी. इतकं आलं की गणपतीला शेजारच्या तीन घरी पुरलं.

पण खरे आभार न कापल्याबद्दल मानायचेत. गेल्या जुलैत मी कात्री घेऊन उभी राहिले, तर जास्वंदीची दोन पानं कडेला टाके घालून शिवलेली. आत कापूस आणि तीन अंडी. शिंप्याचं घरटं! तुम्हाला फोन केला तर एवढंच म्हणालात, "पिल्लं उडू द्या, मग कापा." फांदीवर पिठ्या ढेकूण होता, पण औषधाला तुम्ही साफ नाही म्हणालात. पिल्लांना आळ्याच भरवतात, फवारलं तर ती खाणार काय? मी पिठ्या पडलेलं टोक तेवढं जपून तोडलं, घरट्याकडची फांदी सोडून दिली. शिंपीण दिवसभर चोचीत हिरव्या आळ्या घेऊन ये-जा करायची आणि मी पोळ्या करता करता खिडकीतून मोजायचे. दोन पोळ्या करपल्या, त्याचा हिशेब वेगळा.

अडुळशावर शिंजीर येतो. विणीच्या दिवसांत निळाकाळा चकाकणारा नर नंतर दिसेना, म्हणून मी हळहळले होते. मग कळलं की तोच पिवळट झालाय, छातीवर काळी रेघ तेवढी उरलीय. मादी घरट्यासाठी कोळ्याची जाळी नेते, म्हणून गॅलरीचा एक कोपरा मी झाडत नाही. नवरात्राच्या साफसफाईत सासूबाई त्या कोपऱ्याकडे बघून जे बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता सोनटक्का फुललाय. संध्याकाळी फाटक उघडलं की आधी वास येतो. तुमच्याकडचा मूळ गड्डा उन्हाळ्यात गेला असं मागे म्हणाला होतात. चार कंदांचे पंचवीसेक झालेत. निम्मे काढून ओल्या गोणपाटात गुंडाळलेत, शुक्रवारी सकाळी घेऊन येते. पैसे द्यायला बघू नका.

तुमची,
गुलाब कुजवणारी ताई