आईच्या हातात तो स्टेम देणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर,

काल आई वॉकर सोडून काठी टेकत तुळशीपर्यंत गेली. मी दारातच रडले आणि मग हे लिहायला बसले.

अकरा वर्षांपूर्वी बदललेला तिचा खुबा दोन वर्षं दुखत होता. उठल्यावर पहिली पाच-सहा पावलं टाकताना मांडीत कळ यायची. आधी ज्यांना दाखवलं, त्यांतल्या एकांनी एक्स-रे पाकिटातून काढलासुद्धा नाही. "वय झालं, वजन कमी करा." दुसऱ्यांनी आईकडे न बघता माझ्याशी खर्चाचं बोलणं सुरू केलं. इम्प्लांट कुठला आणि तोच का, असं विचारलं तर म्हणाले, "ते आमच्यावर सोडा." तेवढ्या काळात हाड आतून पोखरत गेलं. त्याचा राग अजून जात नाही माझा.

तुम्ही जुने-नवे एक्स-रे शेजारी शेजारी लावलेत. सांध्यातलं प्लास्टिक झिजून बारीक कण सुटतात, शरीर त्यांच्याशी झगडतं आणि त्या झगड्यात आजूबाजूचं हाड विरत जातं, हे आम्हाला तेव्हा कळलं. जंतुसंसर्ग नाही याची खात्री करून घेतलीत. आणि मग ड्रॉवरमधून नमुन्याचा स्टेम, म्हणजे नव्या खुब्याचा मांडीच्या हाडात बसणारा दांडा, काढून तो माझ्या नाही, आईच्या हातात दिलात.

आईनं तो तोलून पाहिला. त्याच्या उभ्या धारांवरून अंगठा फिरवला. म्हणाली, "कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर मारत्यात, तसलं हाय की हे."

तुम्ही स्टूल ओढून तिच्यासमोर बसलात. "अगदी तसंच, मावशी. वरचं हाड पोकळ झालंय, तिथं पकड मिळणार नाही. खाली नळी अजून घट्ट आहे, तिथं हा टायटॅनियमचा निमुळता स्टेम पाचरीसारखा रुततो. धारांमुळे गोल फिरत नाही." जर्मनीच्या हाइन्झ वाग्नर यांनी १९८७ च्या सुमारास ही घडण आणली, हेही सांगितलंत.

आईनं दोन भागांच्या जोडाचा दुसरा नमुना दाखवून विचारलं, "आणि ह्यो?" त्यात खालचा भाग बसल्यावर लांबी आणि कोन जुळवता येतो, पण वर हाडाचा आधार नसेल तर सगळा भार जोडावर येतो, म्हणून तिच्यासाठी अखंड बरा, असं म्हणालात. आत हाड वेगळं निघालं तर म्हणून जोडाचाही तयार ठेवणार होतात. सुरुवातीला स्टेम थोडा खाली सरकू शकतो, हेही लपवलं नाहीत.

दोन वर्षांत आईला कुणी काही समजावलं नव्हतं. तिच्याच मांडीत बसणारी वस्तू तिनं हातात घेऊन पारखली, प्रश्न विचारले आणि मग स्वतः म्हणाली, "करा." ऑपरेशनच्या आदल्या रात्री ती शांत झोपली. जागी होते ती मी.

डॉक्टर, हुशारी पुष्कळांकडे असते. पण चौथी शिकलेल्या बाईशी बरोबरीनं बोलायला मन मोठं लागतं. अशी माणसं दवाखान्यात, कचेरीत, बँकेच्या खिडकीत कुठंही भेटली की घरी परतताना पाय हलके होतात.

पुढच्या तपासणीला आई स्वतःच्या रानातल्या भुईमुगाच्या शेंगा घेऊन येणार आहे. नाही म्हणू नका. पिशवी तीच उचलणार म्हणते, तेवढं मात्र तुम्हीच तिला रागवा.

तुमची,
एका पेशंटची मुलगी