लाल-निळ्याच्या पलीकडे

संपादक महोदय,

अमेरिकेच्या राजकारणावर काहीही छापायचे म्हटले की आपल्याकडे दोन शिक्के तयार असतात : ‘उद्योगस्नेही रिपब्लिकन’ आणि ‘उदारमतवादी डेमोक्रॅट’. आपल्या रविवारच्या अंकातल्या लेखातही हेच दोन शिक्के मारले आहेत. त्यातला ‘उदारमतवादी’ मला फारच खटकतो. आपल्याला त्या शब्दावर रानडे-गोखले आठवतात. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’पासून (१९३० च्या दशकातल्या मंदीवरचा सरकारी कार्यक्रम) अमेरिकेत लिबरल म्हणजे सरकारने बाजाराला वेसण घालावी असे म्हणणारा. युरोपात मात्र तोच शब्द बहुधा बाजार मोकळा सोडा म्हणणाऱ्यासाठी वापरतात.

‘उद्योगस्नेही रिपब्लिकन’ या शिक्क्याबद्दल एक आठवण. सप्टेंबर २००८ संपत आला होता, मी तेव्हा बँकेत काउंटरवर होतो. एक निवृत्त मास्तर पासबुक पुढे सरकवत म्हणाले, ‘‘आपले पैसे तिकडे अडकले नाहीत ना?’’ आदल्या रात्री अमेरिकी प्रतिनिधिगृहाने बँकांना वाचवण्याचे ७०० अब्ज डॉलरचे विधेयक २२८ विरुद्ध २०५ मतांनी फेटाळले होते. विधेयक रिपब्लिकन बुश यांच्या सरकारचे. वॉल स्ट्रीटला ते हवे होते, यूएस चेंबर ऑफ कॉमर्स ही तिथल्या उद्योगांची संघटना, तेही त्यासाठी खासदारांच्या मागे लागले होते. तरी विरोधात १३३ मते पडली ती रिपब्लिकनांची. बाजूने १४० डेमोक्रॅट! चार दिवसांनी सुधारित विधेयक मंजूर झाले, ती गोष्ट निराळी.

व्यापाराचेही तसेच. १९९३ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला ‘नाफ्टा’ हा मुक्त व्यापार करार डेमोक्रॅट क्लिंटन यांनी रेटला, पण प्रतिनिधिगृहात त्याला रिपब्लिकन मते १३२ आणि स्वपक्षाची १०२. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले ते रिपब्लिकन ट्रम्प यांनी. यात पक्ष बदलला म्हणावे, तर मॅकिन्ली (१८९०) आणि स्मूट-हॉली (१९३०) हे जबर आयातशुल्काचे कायदे रिपब्लिकनांचेच. चेंबरने २०१७ मध्ये कंपनी कर ३५ वरून २१ टक्के झाल्यावर टाळ्या वाजवल्या होत्या. ट्रम्प यांच्या आयातशुल्कावर मात्र ते नाराज.

कंपन्यांना हे पक्के ठाऊक असते. तिजोरीतून थेट उमेदवाराला पैसे देण्यावर तिथे १९०७ पासून बंदी आहे, म्हणून अधिकाऱ्यांच्या वर्गणीतून ‘पॅक’ (राजकीय देणग्या देणारी समिती) चालवतात आणि त्यातून बहुधा दोन्ही पक्षांच्या खासदारांना देणग्या जातात. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. हा पाहुणा दोन्हीकडे जेवून ढेकर देतो.

तेव्हा विनंती एवढीच, की अमेरिकेतल्या एखाद्या कायद्याची बातमी देताना कोणत्या पक्षाची किती मते कुठे पडली आणि कोणते उद्योग बाजूने-विरोधात होते, हे चौकटीत द्यावे. जागा नसेल तर तो लाल-निळा नकाशा (लाल म्हणजे रिपब्लिकन, निळा म्हणजे डेमोक्रॅट) थोडा लहान करा. ते रंगही २००० च्या निवडणुकीपासूनच रुळलेत. १९८० मध्ये एनबीसी वाहिनीच्या नकाशावर रिपब्लिकन रेगन यांची राज्ये निळी होती.

— एक निवृत्त बँक कर्मचारी, सातारा