कॅन्यनमध्ये उतरण्यापूर्वी

महोदय,

अमेरिकेतील ॲरिझोना-युटाच्या वाळवंटी दऱ्या मुलाबाळांसह पाहायला जाणाऱ्यांसाठी हे पत्र. ग्रँड कॅन्यनमध्ये डोंगराच्या उलट असते: आधी उतार, मग दमलेल्या पायांनी चढण. चढायला उतरण्याच्या साधारण दुप्पट वेळ लागतो. हाताशी 3 तास असतील तर तासाभरातच मागे फिरावे, मुले कितीही उत्साहात असली तरी! साउथ रिम, म्हणजे दरीचा दक्षिण काठ, सुमारे 2,100 मीटर उंचीवर आहे. तिथे हवा सुखद वाटते, पण तळाशी उन्हाळ्यात पारा 40 अंशांपलीकडे जातो. सकाळी 10 ते दुपारी 4 चालणे टाळावे. नुसतेच पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घटून मळमळते, भान हरपू लागते. म्हणून सोबत खारे खाणे हवेच.

अरुंद घळींत मात्र सर्वांत मोठी भीती पुराची. उघडा खडक पाणी जिरवत नाही, त्यामुळे कित्येक मैल दूर पडलेला पाऊस निळ्या आकाशाखालीही घळीत लोंढा आणतो. 12 ऑगस्ट 1997 रोजी लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये अशाच लोंढ्याने 11 जणांचा बळी घेतला. जुलै ते सप्टेंबर या काळात वरच्या पाणलोटाचाही हवामान अंदाज पाहावा. वाटाड्याने थांबवले तर पैशांसाठी हुज्जत घालू नये.

आणखी एक: उन्हाळ्यात नवाहो या मूळनिवासी जमातीच्या प्रदेशाचे घड्याळ उर्वरित ॲरिझोनाच्या 1 तास पुढे असते. मोबाइल आपोआप वेळ बदलतो आणि आरक्षण हुकते.

– एक वाचक